न्याय मागणाऱ्यांकडेही कुणी न्याय मागतंय

बेळगाव जिल्ह्यातल्या सरकारी कचेरीच्या खिडकीपाशी मराठी माणसाला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: ‘नियम सगळ्यांना सारखाच आहे.’ फॉर्म कन्नडमध्ये आहे, पण तो सगळ्यांना तोच. नोटीस कन्नडमध्ये लागली आहे, पण ती सगळ्यांसाठीच. कुणाला वेगळी वागणूक दिलेली नाही, मग तक्रार कसली? वरकरणी या बोलण्यात खोट काढायला जागा नाही. पण खानापूर तालुक्यातल्या एखाद्या आडगावातून दोन बस बदलून आलेली, मराठी चौथी शिकलेली बाई त्या खिडकीवर पोचते, तेव्हा हातातला कागद तिला वाचता येत नाही. मग बाहेर टेबल टाकून बसलेल्याला पैसे देऊन ती फॉर्म भरून घेते. तो तिचं नाव कानाला लागेल तसं कन्नडमध्ये उतरवतो. पुढे ते नाव आधारकार्डाशी जुळत नाही, पेन्शन अडकते आणि तीच बाई पुन्हा त्याच रांगेत उभी राहते. तिच्या मागे उभ्या असलेल्या, कन्नड वाचता येणाऱ्या माणसाचं काम त्याच नियमाने तेवढ्यात होऊन जातं.

सारखा नियम सगळ्यांना सारखा पडत नाही, हे सीमाभागातल्या मराठी माणसाला कुणी पुस्तकातून शिकवावं लागलेलं नाही. जगभर सामाजिक न्यायाची म्हणून जी भाषा बोलली जाते तिचा पाया नेमका हाच आहे. नियम कागदावर कसा दिसतो याच्याइतकंच तो कुणाच्या अंगावर कसा येतो हेही बघायचं. कुणाची गैरसोय ‘आपोआप’ होते आणि कुणाची सोय ‘आपोआप’, हे तपासायचं. निर्णय घेणाऱ्यांच्या बैठकीत कोण बसलंय आणि कुणाला दारात उभं केलंय, हे मोजायचं.

आपल्याकडची मुलं आता बेंगळुरूला आणि पुण्याला मोठ्या कंपन्यांत नोकरी करतात. तिथे डायव्हर्सिटी, इन्क्लूजन यांवर प्रशिक्षणं होतात. सुट्टीला घरी आली की ही मुलं त्याबद्दल बोलतात आणि घरातली मोठी माणसं ‘ही शहरातली थेरं’ म्हणून विषय बंद करतात. मला हे झटकून टाकणं मान्य नाही. ही भाषा बाहेरून आलेली नाही. १९२५ च्या एप्रिलमध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचं अधिवेशन आपल्या निपाणीत भरलं आणि त्याच्या अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्याच्याही आधी, १९०२ साली, शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला होता. आणि १९५६ नंतर सीमाभागातला प्रत्येक मेळावा, प्रत्येक निवेदन, १ नोव्हेंबरचा प्रत्येक काळा दिन हीच भाषा बोलत आला आहे: आमची ओळख पुसू नका, आम्हाला न विचारता आमच्याबद्दल ठरवू नका.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ही भाषा आपण मागणारे म्हणून फार चांगली शिकलो. ती आपल्याकडे कुणी बोलायला लागलं तर ऐकायची कशी, हे मात्र शिकलो नाही.

मागण्यातला खरेपणा मी आधीच स्पष्ट करतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटू नये की मी लढा हलका करतो आहे. १९५६ च्या जानेवारीत बेळगावात गोळीबार झाला, माणसं गेली. १७ जानेवारीला आजही हुतात्म्यांना अभिवादन होतं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव, निपाणी, खानापूर म्हैसूर राज्यात गेले. १९६७ मध्ये महाजन आयोगाने निपाणी, खानापूरसह २६४ गावं महाराष्ट्राला आणि जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागातली २४७ गावं कर्नाटकाला द्यावीत असं सांगितलं. बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवलं, आणि महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. १९८६ मध्ये कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक त्याची आठवण देतं. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. तो अजून चालू आहे. दावा दाखल झाला तेव्हा जन्मलेली पोरं आज मतदान करतात. या सगळ्यात आपल्यावर अन्याय झाला, हे माझं ठाम मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

पण या लढ्यात एक गोष्ट आपण कायम बाजूला ठेवली. दावा चालू असताना, निकाल लागेपर्यंतही, भाषिक अल्पसंख्य म्हणून आपले हक्क आहेत. १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३५० अ आणि ३५० ब ही कलमं आली. पहिलं सांगतं की भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं अशी सोय राज्याने करण्याचा प्रयत्न करावा. दुसऱ्याने या हक्कांवर देखरेख ठेवणारा अधिकारी नेमला. त्याच्या कार्यालयाची एक प्रादेशिक शाखा बेळगावातच होती. वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुलं असली तर मातृभाषेतून शिकवण्याची सोय व्हावी, हे १९४९ पासून ठरलेलं आहे. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्य १५ टक्क्यांच्या वर असतील तर महत्त्वाच्या सूचना, नियम त्यांच्या भाषेतही छापावेत, असंही राज्यांनी मान्य केलेलं आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणारी माणसं जवळपास पाचात एक आहेत. खानापुरात तर आपण बहुसंख्य आहोत.

मग मराठीतला उतारा, मराठीतली नोटीस का मिळत नाही? कर्नाटक सरकारची अनास्था हे मोठं कारण आहे, आणि त्यासाठी सरकारला जाब विचारायलाच हवा. दुसरं कारण आपल्यात आहे. ‘अल्पसंख्य’ म्हणून काही मागितलं की आपण कर्नाटकात राहायला कबूल झालो, अशी धास्ती आपल्या पुढाऱ्यांना कायम वाटत आली. ती धास्ती मला समजते, पण तिची किंमत कुणी मोजली ते बघा. ज्याच्या घरात कन्नड-इंग्रजी जाणणारा पदवीधर आहे त्याचं काही अडलं नाही. ज्याच्या ओळखीचा वकील आहे त्याचंही नाही. सात-बाराच्या जागी आलेली कन्नड पहाणी ज्याला वाचता येत नाही, वाचून देणाराही ज्याच्या घरात नाही, तो अडला. आपल्या समाजात असा माणूस बहुतेक वेळा भूमिहीन असतो, दलित असतो, बाई असते.

इथून पुढे मला हक्कसोडपत्राबद्दल जरा सविस्तर सांगायचं आहे.

वडील गेले, जमीन वाटायची आहे. भावाने बॉण्ड रायटरकडून कागद तयार करून आणला आहे. बहीण सासरहून आली आहे, आदल्या दिवशी मुक्काम झाला आहे, पुरणपोळी झाली आहे. सकाळी सगळे सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत. कागद कन्नडमध्ये. बहिणीला त्यातलं अक्षर लागत नाही. भाऊ सांगतो, ‘आक्का, नुसती सही कर, वाटणीचं आहे. बाकीचं मी बघतो.’ फोटो काढला जातो, अंगठा घेतला जातो, सही होते. घरी येऊन साडी-चोळी. तिने नेमकं काय सोडलं, किती गुंठे, कुठल्या सर्व्हे नंबरातलं, हे तिला त्या दिवशी कळत नाही. कितीतरी जणींना पुढेही कळत नाही.

मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा जन्मतः हिस्सा, हे कर्नाटकाने १९९४ मध्येच कायद्यात आणलं. २००५ मध्ये ते देशभर झालं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की २००५ साली वडील हयात होते की नव्हते याने मुलीच्या हक्कात फरक पडत नाही. कायदा तिच्या बाजूने आहे. तरी ती हक्क सोडते, कारण नाही म्हटलं तर माहेर तुटेल ही भीती तिच्या मनात लहानपणापासून घातलेली असते. आणि सीमाभागात त्या भीतीच्या जोडीला न कळणारी भाषा येते. मराठी माणसाच्या डोक्यावर सरकारने ठेवलेलं कन्नडचं ओझं इथे मराठी भावाच्या कामाला येतं.

हा भाऊ वाईट माणूस नाही. त्याला मी ओळखतो. तो आपल्या सगळ्यांच्या गावात आहे. १ नोव्हेंबरला तो काळी फीत लावून सायकल फेरीत असतो. कन्नड सक्तीविरुद्ध तो मनापासून घोषणा देतो आणि त्या घोषणेतलं दुःख खरं आहे. पण ‘आम्हाला न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सह्या घेऊन आमचे हक्क काढून घेतले’ हे वाक्य जसं तो सरकारला ऐकवतो, तसंच ते अक्षर न अक्षर त्याची बहीण त्याला ऐकवू शकते. तिने अजून ऐकवलेलं नाही. ऐकवलं, तर गावात तिची बाजू कोण घेईल? भाषिक अन्यायावर तासभर बोलणाऱ्या आपल्या व्यासपीठांवरून या कागदाबद्दल एक शब्द निघालेला मी ऐकलेला नाही.

कुणी म्हणेल, हा घरातला प्रश्न झाला, सार्वजनिक प्रश्नात त्याची सरमिसळ का? सरमिसळ माझी नाही. कागद एकच आहे. त्या कागदावर बाईवर दोन अन्याय एकदम होतात, एक मराठी म्हणून आणि एक बाई म्हणून, आणि दोन्ही एकमेकांना बळ देतात. मराठीतून कागद मिळाला असता तर तिने निदान वाचला असता. बरोबरीचा मान असता तर तिने वाचून नकार दिला असता. यातला एकच अर्धा भाग मागायचा आणि दुसऱ्यावर गप्प बसायचं, हे न्यायाचं बोलणं होत नाही.

आता आरक्षणाकडे येतो, कारण खिडकीवरचं ते वाक्य सर्वांत जास्त तिथे ऐकू येतं. मार्कांच्या यादीवरून घरोघरी बोलणं चालतं तेव्हा आपलीच माणसं म्हणतात, ‘परीक्षा सगळ्यांना सारखी, मग मार्कांची अट वेगळी कशाला?’ कचेरीत ‘नियम सगळ्यांना सारखा’ ऐकून ज्याचं रक्त उसळतं, तोच माणूस घरात हे बोलतो आणि त्याला त्यात विसंगती जाणवत नाही. फॉर्म सारखा असून ज्याला वाचता येत नाही तो मागे राहतो, हे तुम्ही अंगावर सोसलं आहे. मग पेपर सारखा असून ज्याच्या आधीच्या पिढ्यांना शाळेच्या पायरीवर चढू दिलं नाही तो मागे राहतो, हे समजायला अवघड का जावं? त्यातही कर्नाटकात मराठा समाज स्वतः मागासवर्गाच्या ३ ब गटात आहे आणि जास्त आरक्षण असलेल्या २ अ गटात घ्यावं म्हणून मागणी करतो. ती मागणी करताना आपण जे मुद्दे मांडतो, शेतीची तुकडे तुकडे झालेली स्थिती, शिक्षणातलं मागासलेपण, नोकऱ्यांतलं अत्यल्प प्रमाण, ते सगळे मुद्दे सामाजिक न्यायाच्याच पोतडीतले आहेत. आपल्यासाठी ते मुद्दे आणि दुसऱ्याने मांडले की ‘फुकटचं’, असं चालणार नाही.

आणि गावातल्या वस्त्यांबद्दल तर बोलायलाच हवं. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. सीमाभागातल्या किती मराठी गावांनी, आपल्या हातात असलेल्या ग्रामपंचायतींनी, तो निर्णय आपल्याला लागू नसतानाही स्वतःहून घ्यावा असा विचार केला? महाराष्ट्राची आरोग्य योजना आपल्या ८६५ गावांना मिळावी म्हणून आपण आग्रह धरतो. ते योग्यच आहे. मग महाराष्ट्रातलं चांगलं ते सगळंच आणावं. पाण्याच्या टाकीवर, मतदारयादीत, लोकांच्या तोंडी ज्या वस्तीचं नाव जातीवरून चालतं, तिथल्या मुलाला ‘बेळगाव की बेळगावी’ या वादात आपल्याइतकाच जीव लावावा असं आपण सांगतो. २०१४ मध्ये आपल्या शहराचं नाव आपल्याला न विचारता बदललं, ते अजून सलतं. त्या मुलाच्या वस्तीला नाव देतानाही त्याच्या आजोबांना कुणी विचारलं नव्हतं.

निपाणीचंच घ्या. १९८१ चं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन सगळ्यांना माहीत आहे, त्यातला गोळीबार माहीत आहे. त्याच सुमारास निपाणीच्या तंबाखू वखारींत काम करणाऱ्या बायकांनी संघटना बांधली, संप केले, मजुरी वाढवून घेतली. तंबाखूच्या धुरळ्यात दिवसभर बसणाऱ्या, बहुतेक करून दलित, मुसलमान आणि इतर कष्टकरी घरातल्या या बायका. सीमाभागाच्या इतिहासात त्यांना आपण किती ओळी देतो? बिडी वळणारी बाई कच्चा माल घरी नेते, बिड्या मोजून देते, कारखानदाराचा माणूस त्यातल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला काढतो आणि त्यांचे पैसे मिळत नाहीत. तिला मराठीत हिशेबाची वही मिळावी अशी मागणी भाषेच्या लढ्यात आली असती, तर त्या लढ्याला तिच्या घरातून किती माणसं मिळाली असती याचा विचार करा.

सौंदत्ती आपल्याच जिल्ह्यात. यल्लम्माच्या डोंगरावर कोल्हापूर, सांगलीपासून बैलगाड्या यायच्या, आता ट्रॅक्टर, टेम्पो येतात. चौंडक्याच्या तालावर गाणारा जोगता मराठीतून सुरू करतो आणि कन्नडमध्ये शिरतो. ऐकणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. परडीत जोगवा घालताना बाया त्याच्या पाया पडतात. देवीच्या नावाने साडी नेसलेला तो पुरुष, किंवा स्वतःला बाईच मानणारी ती व्यक्ती, डोंगर उतरून बेळगावात खोली भाड्याने मागायला गेली की दार बंद होतं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०२१ मध्ये कर्नाटकाने सरकारी भरतीत त्यांना एक टक्का आरक्षण दिलं आणि असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य ठरलं. कर्नाटकाने चांगलं काही केलं तर ते चांगलं म्हणायला आपल्याला जड जाऊ नये. जोगतिणीचा प्रश्न निराळा आणि जास्त दुखरा आहे. देवाला मुली सोडण्याविरुद्ध १९८२ मध्ये कायदा झाला, पण आधीच सोडल्या गेलेल्या बाईच्या म्हातारपणाचा आणि तिच्या मुलांच्या शाळेच्या फॉर्मवरच्या ‘वडिलांचे नाव’ या रकान्याचा प्रश्न त्या कायद्याने सुटला नाही. त्या रकान्यापाशी ती आई अडत आली, ती भाषेमुळे नव्हे.

विविधता, समावेश हे शब्द ऐकले की आपल्या डोळ्यांसमोर लगेच कन्नड-मराठी येतं. तेवढ्यावरच थांबायचं नसेल तर या सगळ्या माणसांकडे बघावं लागेल.

शाळांचा विषय मी थोडक्यात घेतो, कारण त्यावर आधीच पुष्कळ बोललं जातं, फक्त एक गोष्ट सोडून. मराठी शाळा वाचवा, असं सांगणाऱ्या कितीतरी पुढाऱ्यांची, शिक्षकांची नातवंडं इंग्रजी माध्यमात आहेत. शिकण्याचं माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा आहे, हे २०१४ मध्ये कर्नाटकाच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. पण सरकारी मराठी शाळेचा पट आज कुणामुळे टिकला आहे? ज्यांना फी परवडत नाही त्यांच्या मुलांमुळे. म्हणजे आपली भाषा टिकवण्याचा भार गरिबाच्या पोरावर आहे. त्या शाळेत गणिताचा शिक्षक नाही, कन्नड चांगलं शिकवणारा नाही, तर त्या पोराची नोकरीची वाट दोन्हीकडून बंद होते. मराठी शाळेत उत्तम कन्नड शिकवलं जावं, ही मागणी मराठीद्रोह नाही. त्या मुलाला कचेरीत ताठ मानेने उभं राहता यावं म्हणून ती आहे. मराठीतला कागद मिळण्याचा त्याचा हक्क त्याने कन्नड शिकल्याने संपत नाही.

या भाषेची खरी कसोटी मात्र आपण जिथे बहुसंख्य आहोत तिथे लागते. जत आणि अक्कलकोट तालुक्यांत कन्नड बोलणारी गावं आहेत, कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तिथल्या माणसाला मराठीतली नोटीस वाचताना नेमकं तेच होतं जे खानापूरच्या बाईला कन्नड नोटीस वाचताना होतं. त्यांच्या शाळेला कन्नड शिकलेला शिक्षक मिळावा, त्यांना कन्नडमध्ये अर्ज करता यावा, असं सीमाभागातल्या मराठी संघटनांनी महाराष्ट्र सरकारला लेखी कळवलं तर आपलं काय जाईल? मला वाटतं, न्यायालयात आणि लोकांत आपल्या म्हणण्याला वजन येईल, कारण मग कुणालाच म्हणता येणार नाही की यांना फक्त आपलंच पडलंय.

अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूतही नाव होतं. राजभाषा मराठी आहे, मग उर्दू कशाला, म्हणून एका माजी नगरसेविकेने न्यायालयात धाव घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की मराठीबरोबर आणखी एका भाषेत पाटी लावायला कायद्याची आडकाठी नाही. भाषा धर्माची नसते, ती लोकांची, प्रदेशाची असते. हा निकाल सीमाभागातल्या प्रत्येक मराठी कार्यकर्त्याने खिशात ठेवावा असा आहे. कर्नाटकात आता पाट्यांवर ६० टक्के जागा कन्नडला देण्याची सक्ती आहे. उरलेल्या ४० टक्क्यांत मराठीला जागा मागताना हाच विचार आपल्या उपयोगाला येणार आहे. पण तो निकाल महाराष्ट्रातल्या, मराठीचाच आग्रह धरणाऱ्या बाजूच्या विरोधात लागलेला आहे. तो मनापासून स्वीकारल्याशिवाय आपल्याला वापरता येणार नाही. बेळगावात दख्खनी बोलणारा मुसलमान शेजारी कित्येक पिढ्यांपासून मराठी बाजारात मराठी बोलत आला आहे. त्याच्या उर्दू शाळेबद्दल आपण काय बोलतो, हे त्याला ऐकू जातं.

या सगळ्यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो किरकोळ नाही. ‘आधीच आपण थोडे. त्यात बाई-पुरुष, जात, धर्म काढत बसलात तर फूट पडेल. आधी सीमाप्रश्न सुटू दे, मग घरातलं बघू.’ जुने कार्यकर्ते हे म्हणतात तेव्हा त्यांच्या पाठीवर लाठ्यांचे वळ आहेत, तुरुंगात काढलेले दिवस आहेत. त्यांचा मान राखूनच मी असहमत आहे. ‘आधी हे, मग ते’ म्हणत जवळपास सत्तर वर्षं लोटली. तेवढ्यात हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बाईची मुलगीही सही करून मोकळी झाली. आणि फूट पडायची ती बोलल्यामुळे पडली नाही. निवडणुकांत आपली मतं फुटतात, सीमालढा चालवणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे गट पडतात, तरुण मुलं राष्ट्रीय पक्षांच्या झेंड्याखाली जातात, यामागे सामाजिक न्यायाची चर्चा जास्त झाली हे कारण असूच शकत नाही, कारण ती झालेलीच नाही. व्यासपीठावर वर्षानुवर्षं त्याच घरांतली, त्याच जातीतली, तीच पुरुष मंडळी बसलेली दिसली, की खाली बसलेल्याला कळतं की हा लढा आपल्याला बोलावतो तो संख्या दाखवायला.

दुसरी भीती, कन्नड संघटना याचा फायदा उठवतील. उठवू देत. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ एका बस वाहकाला भाषेवरून मारहाण झाल्याची तक्रार झाली, उलटसुलट गुन्हे नोंदले गेले, बसना आणि माणसांना काळं फासलं गेलं आणि दोन्ही राज्यांमधली बससेवा थांबली. कोल्हापूरला उपचारासाठी जाणारे रोगी, निपाणी-कागल रोज येजा करणारी मुलं, भाजी घेऊन जाणारी बाई, सगळी अडकून पडली. त्यात मराठी होते, कन्नडही होते. मारहाण कुणीही करो, ती चूकच, एवढं स्वच्छ वाक्य दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांच्या तोंडून त्या आठवड्यात यायला हवं होतं. ज्याला स्वतःसाठी सन्मान हवा आहे त्याने समोरच्या गणवेशातल्या कामगारालाही तो द्यावा, यात तडजोड कसली?

मराठी संघटनांनी पुढच्या १ नोव्हेंबरच्या निवेदनात मराठी उताऱ्याबरोबर बिडी कामगाराची वही, जातिवाचक वस्त्यांची नावं आणि जतच्या कन्नड शाळेचा शिक्षक या मागण्या घालाव्यात, असं माझं सुचवणं आहे. व्यासपीठावर निम्म्या बाया असाव्यात. ग्रामपंचायतीत कायद्याने निम्म्या जागांवर बाया निवडून येतातच. त्यांचे नवरे सभेला न येता त्या स्वतः याव्यात, एवढं आपल्या पंचायतींत तरी आपण बघू शकतो.

आणि हक्कसोडपत्राचं काम तर लगेच हाती घेता येतं. त्याला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागत नाही, विधानसभेचा कायदा लागत नाही, कुणाची परवानगीही लागत नाही. कन्नड आणि मराठी दोन्ही वाचणाऱ्या शिकलेल्या मुली आता गावागावांत आहेत. तालुक्याच्या ठिकाणी समितीने आठवड्यातून एक दिवस त्यांना बसवावं. सहीच्या आधी कुठल्याही बाईने कागद आणला तर तो तिला मराठीत, कन्नड बाई असेल तर कन्नडमध्ये, सर्व्हे नंबर आणि गुंठ्यांसकट मोठ्याने वाचून दाखवावा आणि सही न केल्यास तिचा हिस्सा किती राहतो तेही सांगावं. सही करायची की नाही ते ती ठरवेल. काही भावांना हे आवडणार नाही, त्यातले काही समितीचे जुने कार्यकर्ते असतील. त्यांच्याशी काय बोलायचं हे समितीने आत्ताच ठरवून ठेवावं.